अंगारमायचा हात

लालभडक निखारा बाईच्या उघड्या तळहातावर होता आणि बाई ओरडत नव्हती.

मांडवात दोन-अडीचशे माणसं मोठ्याने मोजत होती. "अकरा! बारा! तेरा!" कोन गावाच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून जिथे एरवी रिकामे ट्रेलर उभे असतात, तिथे हा मांडव पडला होता. मोटारसायकली रस्त्यावर आल्या होत्या. बायका बाकांवर उभ्या राहिल्या होत्या. एका म्हाताऱ्याने डोळे मिटून हात जोडले होते, आणि त्याच्या शेजारी त्याचा जावई हात वर करून मोबाइलवर चित्रीकरण करत होता.

"ताई, पुढं रस्ता पॅक आहे," रिक्षावाला म्हणाला. "विहार तो काय, निळं गेट. चालत जा."

अरुंधती बॅग घेऊन उतरली. गर्दीतून वाट काढताना मांडवाच्या कडेला ती अडकली आणि तिथेच उभी राहिली.

व्यासपीठावर पांढरा कुडता, पायात स्पोर्ट शूज आणि कानाला माइक लावलेला एक पन्नाशीचा माणूस फिरत होता. लोक त्याला अवधूतदादा म्हणत होते. आवाज खणखणीत होता.

"मोजा! मोठ्यानं मोजा! आठशे डिग्री टेम्परेचर आहे, मंडळी! एवढ्या टेम्परेचरला कळंबोलीच्या मार्केटमधलं लोखंड वितळतं! पण आईचा हात? आईचा हात वितळत नाही! का? एनर्जी! सायन्सचं नेटवर्क जिथं जातं ना, तिथं आपल्या अंगारमायचा टॉवर लागतो!"

लोखंड आठशे डिग्रीला वितळत नाही. अरुंधतीच्या नवऱ्याने हे दहावीच्या मुलांना तीस वर्षं शिकवलं होतं. सत्यजीत इथे असता तर त्याने हात वर करून दुरुस्ती सांगितली असती आणि मांडवातून मार खाऊन आला असता. हे तिच्या मनात आलं आणि गेलं. त्याच्यामागून काहीच आलं नाही.

त्याला जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत तिने पेन्शनचे अर्ज भरले, त्याचे कपडे वाटून टाकले, वेळेवर जेवली, वेळेवर झोपली. रडली नाही. आपण रडत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं. नणंद म्हणाली, "वहिनी, महाडला या चार दिवस." तर ती निघाली. नाशिक ते महाड एका दमात कंबरेला झेपत नाही, म्हणून पनवेलला एक मुक्काम. प्रवासात लॉजपेक्षा विहार बरा, ही सत्यजीतची जुनी सवय. त्याच्या वहीत या विहाराचा नंबर होता.

"एकवीस!" मांडव गरजला. बाईने निखारा घमेल्यात टाकला. लोक पुढे लोटले.

बाई चोवीस-पंचविशीची असेल. सडपातळ, काळीसावळी. अंगावर हिरवं जरीचं पातळ, पण ते तिचं नव्हतं, नेसवलेलं होतं. दोन्ही तळहात मनगटापर्यंत हळदीच्या जाड लेपाने माखलेले. तिचा चेहरा मात्र कसलाच नव्हता. ना अंगात आल्यासारखा, ना घाबरलेला.

"बाय, तुमी पयल्यांदा आल्या वाटतं," शेजारची बाई म्हणाली. चाळिशीची, नाकात नथ, हातात नारळ. "मी वेणू. आमी तीन दिस येतो. माज्या पोराला फीट येते, भावेशला. सतरा वर्षांचा हाय. दादांनी सांगतलं, गोळ्या बंद कर, आयचा अंगारा दे."

"केल्या बंद?"

"तीन दिस झाले."

"मग फीट थांबली?"

"परवा दोनदा आली." वेणूने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "दादा बोलले, जाताना आजार जोर करतंय."

अवधूतदादाने हात वर केला. मांडव चिडीचूप झाला. "उद्या सकाळी दहा वाजता अंगारदान! एका भक्ताच्या हातावर आई स्वतः अंगार ठेवणार. भक्ती खरी असेल तर निखारा फुलासारखा वाटेल. आणि भक्तीत खोट असेल तर..." तो थांबला, सगळ्यांकडे बघून गोड हसला. "तर आई काय करणार?"

म्हणजे हात पोळला तर चूक पोळणाऱ्याची.

"मलाच बोलवलंय," वेणू हळूच म्हणाली. "उद्याचा उपास धरलाय मी."

अरुंधती चौतीस वर्षं कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून पाडे, वस्त्या आणि शाळा पालथ्या घालत होती. निवृत्तीला तीन वर्षं झाली, पण डोळ्यांची सवय गेली नव्हती. व्यासपीठावरच्या बाईच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट सरळ होत नव्हतं, हे तिने पाहिलं. आणखी एक पाहिलं. अवधूतदादा ज्याला-त्याला आईच्या पायावर डोकं टेकवायला लावत होता, पण स्वतः तिच्यापासून दोन हात लांब होता. निखारा देताना त्याच्या हातात लांब चिमटा असे. प्रसादाची वाटीसुद्धा तो तिच्या हातात देत नसे, खाली ठेवत असे.

तिने बॅग उचलली आणि निळ्या गेटाकडे चालू लागली.

विहार साधा होता. वर पंचशील ध्वज, आत पांढऱ्या बुद्धमूर्तीपुढे दोन मेणबत्त्या, भिंतीला बाबासाहेबांची तसबीर आणि मागच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची दोन कपाटं. भंते विदर्भाकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी नोंदवही पुढे केली. नाव, गाव, कुठे निघालात. तिने भरलं.

"सत्यजीत सर नाही आले?" त्यांनी विचारलं. सही करताना तिने सांगितलं. भंतेंनी वही मिटली. मग म्हणाले, "दोनदा राहून गेलेत. जाताना सगळ्या सतरंज्या घडी घालून गेले होते." ती "हो" म्हणाली.

वंदना झाल्यावर गेट वाजलं. बाहेर मांडवातली बाई उभी होती. अंगावर आता विटकी साडी, हाताला फडकी गुंडाळलेली. तिच्यामागे तिचा नवरा, खांद्यावर गोधडी.

"ये, शुक्री. चांगो, ये," भंते म्हणाले आणि अरुंधतीकडे वळले. "हे दोघे कालपासून इथेच झोपतात. मैदान ज्याचं, त्या निकेशच्या फार्महाऊसवर तो अवधूत उतरलाय. या दोघांना तिथे आवारातही झोपू देत नाहीत. कातकरी आहेत ना. परवा फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते."

"दिवसभर पाया पडतात तिच्या."

"दिवसभर," भंते म्हणाले. "मी निकेशला सांगायला गेलो होतो. तो म्हणाला, भंते, तुम्ही तुमच्या देवाचं बघा. मी म्हटलं, आमच्याकडे देवच नाही, म्हणून तर मोकळा वेळ मिळतो."

भंते दुपारनंतर जेवत नसत, पण पाहुण्यांसाठी त्यांनी गॅसवर डाळ-भात केला होता. अरुंधती ताटं मांडत होती. शुक्री मदतीला उठली, फडकी सोडली आणि गॅसवरचं रटरटणारं डाळीचं पातेलं दोन्ही हातांनी उचलून निवांतपणे खाली आणून ठेवलं.

"अगं, पकडीने धर!" भंते ओरडले.

शुक्रीने पकडीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. हळद धुतली गेली होती. तळव्यावर फोड होते. काही फुटलेले, काही काळे पडलेले. अंगठ्याखाली एक जखम खोल गेली होती आणि तिच्यातून पाणी येत होतं.

मांडवात आईचा हात जळत नव्हता. इथे दिव्याखाली तो चांगलाच जळालेला होता.

"जेवून घेऊ," अरुंधती म्हणाली. "मग मला हात दाखव."

जेवण झाल्यावर तिने शुक्रीला खुर्चीवर बसवलं आणि औषधांच्या डबीतल्या कापसाची बारीक वात केली. "डोळे मीट. मी जिथे टेकवीन तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेव."

गालावर टेकवली. शुक्रीने बरोबर बोट ठेवलं. मानेवर, बरोबर. दंडावर, बरोबर. मनगटाखाली वात फिरू लागली आणि शुक्री नुसती वाट बघत बसली. तळवा झाला, पाचही बोटं झाली. पेनाचं टोक जरा दाबूनही झालं.

"सुरू कर ना, मावशी," शुक्री डोळे मिटूनच म्हणाली.

चांगोने तोंड फिरवलं.

अरुंधतीने कोपराची आतली बाजू चाचपली. कातडीखाली नस दोरीसारखी जाड लागली. खांद्यामागे तळहाताएवढा फिकट चट्टा होता. त्यावर लव नव्हती, घाम नव्हता.

"हा चट्टा कधीपासून?"

"दोन वर्सं. खाजत नाय, दुकत नाय."

"आणि हात?"

"दिवाळीपासून. आधी मुंग्या यायच्या, मंग काय कळायचाच बंद. भट्टीवर गरम वीट उचलली मी. मुकादमाने बघितली. त्याने त्या दादाला बोलवला. दादाने लायटर पेटवून हाताखाली धरला. मी बोललीच नाय काय. तो हसला."

"तुला काय वाटलं, शुक्री? देवी आहे?"

शुक्रीने फडकं मांडीवर घेतलं. "मला वाटलेलं, आपल्याला काय तरी झालंय. मंग तो बोलला, देवी हाय. म्हटलं, बरा झाला. रोगापेक्षा देवी बरी ना, मावशी?"

अरुंधतीने हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुष्कळदा ऐकलं होतं. त्यानंतर काय सांगायचं तेही तिला पाठ होतं. शब्द सवयीने येत गेले, तिच्या स्वतःच्या कानालाही ते लांबून आल्यासारखे वाटले.

"हा कुष्ठरोग आहे. जंतूंनी होतो, टीबीसारखा. पापाने नाही, शापाने नाही. जंतू नसांना धरतात, म्हणून हाताला कळत नाही. हात पोळतो, फक्त त्याची खबर डोक्यापर्यंत जात नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. वर्षभर घ्यायच्या. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होत नाही. हात बधिर होऊन सहा महिने व्हायचेत अजून, त्यामुळे थोडंफार परत येईलही. पण असे निखारे धरलेस तर बोटं राहणार नाहीत."

चांगो उठून ओसरीवर गेला. शुक्री त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिची तीन वर्षांची मुलगी, संजना, वाडीवर आजीकडे होती.

"पोरीला जवळ घेऊ नको मंग?"

"घे. उद्या गोळी सुरू कर आणि खुशाल घे. तिलाही एकदा तपासून आणायचं. आणि चांगोलाही."

चांगो परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला होता. तो अरुंधतीशी बोलला नाही. त्याने शुक्रीच्या शेजारी गोधडी अंथरली, तिचं फडकं उचललं आणि तिला जमत नव्हती ती गाठ मारून दिली.

ठरलं असं की सकाळी नऊला आरोग्य केंद्रात जायचं, मांडवाकडे फिरकायचंच नाही. भंते रिक्षा सांगणार होते.

पण साडेआठलाच निळ्या गेटासमोर पांढरी गाडी उभी राहिली. अवधूतदादा उतरला, मागून निकेश.

"अंगारमाय तयार का?" अवधूतने बाहेरूनच विचारलं. "चांगो, चल रे. आज मोठा प्रोग्रॅम आहे. लाइव्ह जाणार आहे. ती वेणू उपाशी बसलीय सकाळपासून."

शुक्री ओसरीवर आली. "कोण वेणू?"

"तीच, फीटवाल्या पोराची आई. तिच्या हातावर निखारा ठेवायचाय तू आज."

"तिचा हात जळंल," शुक्री म्हणाली.

"भक्ती असेल तर नाही जळणार."

"तिला कळंल," शुक्री म्हणाली. "मला नाय कळत. तिला कळंल."

अवधूतने झटकन अरुंधतीकडे पाहिलं, मग भंतेंकडे, आणि आवाज खाली आणला. "हे बघ शुक्री, जास्त बोललीस तर मी पण बोलेन. तुला काय झालंय ते मला माहितेय. लोकांना सांगितलं तर वाडीवर पाय ठेवू देणार नाहीत तुला. देवी राहा. सुखात राहा."

निकेश गाडीपाशी होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही.

आणि तेव्हा, सात महिन्यांत पहिल्यांदा, अरुंधतीला राग आला. तो इतका अनोळखी होता की तो राग आहे हे कळायलाच तिला वेळ लागला. या माणसाला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच चिमटा होता, म्हणूनच दोन हातांचं अंतर होतं.

"आपण दवाखान्यात जाऊ," ती शुक्रीला म्हणाली. "तू काही ऐकू नकोस."

"त्या बाईचा हात?" शुक्रीने विचारलं.

 अरुंधतीला कळत होतं, शुक्री आणि चांगो निघून गेले, तरी अवधूत उद्या दुसरं काही उभं करणार होता, आणि वेणू तिथेही उपाशी जाऊन बसणार होती.

"मी येते," शुक्री गाडीकडे न बघता म्हणाली. "चालत येते. मावशी, तू पण चल."

दहा वाजता मांडवात कालच्या दुप्पट माणूस होतं. घमेल्यात निखारे फुलले होते. वेणू व्यासपीठावर, ओले केस मोकळे, उजवा हात पुढे. खाली पहिल्या रांगेत भावेश बसला होता. आईकडे बघत होता आणि लाजत होता.

"आज सायन्स फेल होणार!" अवधूतने सुरुवात केली. "डॉक्टर लोक म्हणतात, गोळ्या खा, गोळ्या खा. अरे, गोळी तर बंदुकीत पण असते! आईच्या अंगाऱ्यात जी फ्रिक्वेन्सी आहे..."

त्याने चिमट्याने निखारा उचलून शुक्रीच्या हळदीने माखलेल्या हातावर ठेवला. "मोजा!"

"एक! दोन!"

शुक्रीने हात उलटा केला. निखारा खाली पडला.

"नको," ती वेणूला म्हणाली. माइक नव्हता, तरी पुढच्यांना ऐकू गेलं. "हात मागं घे, बाय. तुजा जळंल."

मांडवात कुजबुज उठली. "आई कोपली! आई परीक्षा घेतेय!" अवधूत ओरडला. "वेणूताई, हात पुढंच ठेवा!" त्याने नवा निखारा चिमट्यात धरला आणि स्वतःच वेणूकडे वळला.

अरुंधती व्यासपीठावर चढली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"मला आईला एक विचारायचंय," ती मांडवाकडे तोंड करून म्हणाली. "भक्त म्हणून. चालेल ना?"

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं अवधूतला अवघड होतं. त्याने चिमटा खाली केला. अरुंधतीने वेणूच्या आरतीच्या ताटातलं झेंडूचं फूल घेतलं आणि आपल्या पदराने शुक्रीचे डोळे झाकले.

"आईला निखारा फुलासारखा वाटतो म्हणता. मग फूल तर कळायलाच हवं. आई, मी तुझ्या हाताला फूल लावतेय. कुठल्या बोटाला, सांग."

तिने फूल अंगठ्याला लावलं, मग करंगळीला, मग तळव्याच्या मधोमध. पुढच्या रांगेतले लोक वाकून बघू लागले. शुक्री गप्प उभी होती.

"सांग, आई. कुठे लावलं?"

"नाय कळत," शुक्री म्हणाली. "काय लावलं का तू?"

 गर्दीतून कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"हिला निखारा कळत नाही, कारण हिला फूलही कळत नाही," अरुंधती म्हणाली. "हाताच्या नसा बधिर झाल्यात. आता हळद धुऊ. वेणूताई, पाणी ओता."

वेणूने तांब्या उचलला. पिवळं पाणी व्यासपीठावरून वाहिलं आणि खालून हात निघाले. फोड, काळी कातडी, ओली जखम. पहिल्या रांगेतली एक बाई "आई गं" म्हणाली.

"बघा. आग सगळ्यांना जाळते, हिलाही जाळलं. ओला लेप आणि निखाऱ्यावरची राख पहिली धग खातात. पुढचं हिला जाणवत नाही. हा चमत्कार नाही, आजार आहे. याला औषध आहे."

"कसला आजार?" निकेशने खालून विचारलं.

अरुंधती थांबली. ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. तिने पदर सोडला आणि शुक्रीकडे पाहिलं. पण अवधूतला तेवढी फट पुरली.

"महारोग!" तो माइकमध्ये किंचाळला. "महारोग आहे तिला! मला फसवलं या लोकांनी!"

मांडव मागे सरला. अक्षरशः सरला. खुर्च्या पडल्या, पोरं कडेवर घेतली गेली. तीन दिवस ज्या पायांवर डोकी टेकली होती त्या पायांपासून दहा हात मोकळी जागा झाली. एका बाईने कपाळावरचा अंगारा पदराने खसाखसा पुसला.

व्यासपीठावर वेणू तांब्या धरून उभी होती. पाणी थांबलं होतं. ती शुक्रीच्या हातांकडे बघत होती, मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. त्यावर निखारा पडला असता. तिने तांब्या पुन्हा कलता केला.

"धू, बाय," ती म्हणाली. "हा अंगठा राहिलाय अजून."

अरुंधतीने शुक्रीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि पाण्याखाली धरले.

"मी चौतीस वर्षं हेच काम केलंय," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण आता कोणी बोलत नव्हतं. "हजारो हात असे हातात घेतलेत. मला काही झालं नाही. स्पर्शाने पटकन लागत नाही हा रोग, आणि गोळ्या सुरू झाल्या की लागतच नाही. काल देवी म्हणून पाया पडलात, तेही न विचारता. आज रोगी म्हणून पळताय, तेही न विचारता. जरा थांबा, विचारा. आठशे डिग्री कुणी मोजलं? ज्याला सगळं ठाऊक होतं तो चिमटा का वापरत होता? फसवला गेलो म्हणतोय तो. मग काल रात्री हिला गाडीतून का नाही नेलं, शेजारी बसवून का नाही जेवला? आणि गोळ्या बंद करून कुणाचं पोर बरं झालं, एकानं तरी दाखवा."

 भावेश उठला आणि व्यासपीठापाशी आला. "आये," तो म्हणाला, "मी बोल्लेलो ना तुला, गोळी दे."

अवधूत गाडीकडे निघाला होता. गाडी निकेशची होती आणि चावी निकेशच्या खिशात. निकेश आधी मान खाली घालून उभा राहिला. मग अरुंधतीबरोबर आलेले भंते त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "जादूटोणाविरोधी कायद्यात आयोजकालाही विचारतात." तेव्हा त्याने फोन काढला आणि पोलीस ठाण्याला लावला. ही त्याची अक्कल होती की भीती, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर जे झालं ते कुणी चित्रीकरण करण्यासारखं नव्हतं. आरोग्य केंद्रात रांग होती, दीड तास गेला. डॉक्टरांनी तीच तपासणी पुन्हा केली, जखमा बांधल्या, गोळ्यांचं पहिलं पाकीट दिलं. पहिली गोळी शुक्रीने तिथेच घेतली. अरुंधतीने महाडला फोन करून मुक्काम वाढल्याचं कळवलं. ती त्या विहारात आणखी चार दिवस राहिली. एक दिवस वाडीवर जाऊन घरोघरच्या माणसांचे चट्टे बघण्यात गेला. चांगो निरोगी निघाला, संजनाही. एका म्हाताऱ्याच्या पाठीवर मात्र चट्टा सापडला. दुसऱ्या दिवशी ती वेणूबरोबर भावेशच्या डॉक्टरांकडे गेली. ते वेणूवर चिडले, मग शांत झाले आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

अवधूतवर गुन्हा दाखल झाला. तो चार दिवसांत जामिनावर सुटला. निखाऱ्याचे व्हिडिओ अजून फिरतात, त्यांच्याखाली हात जोडलेली चित्रं पडतात. फूल लावल्याचा व्हिडिओही कुणीतरी टाकला होता. तो फारसा कुणी पाहिला नाही.

मे महिन्यात एका दुपारी नाशिकला अरुंधतीचा फोन वाजला. चांगो होता, आणि एवढ्या मोठ्याने बोलत होता की तिने फोन कानापासून लांब धरला.

"मावशी! शुक्रीला चटका बसला!"

"कुठे? किती भाजलं?"

"तव्याचा! अंगठ्याला! वरडली, मावशी! एवढ्या जोरात वरडली का शेजारी धावून आले!"

अरुंधती खुर्चीवर बसली. "उजवा की डावा?"

"उजवा. आमी सगळे हसतोय आणि ती आमाला शिव्या देते."

"थंड पाण्यात धर म्हणावं. फोड फोडू नका."  मग तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, सात महिन्यांचं, आता दहा महिन्यांचं. चांगो पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिला. तिने पदराने तोंड पुसलं. "दे तिला फोन."

शुक्रीने घेतला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वाकडंच राहिलं होतं, तिने सांगितलं. डावा हात अजून तसाच. गोळ्या चालू. पोर रात्री हातावर झोपते.

"शुक्री, ऐक," अरुंधती म्हणाली. "वाडीवर सगळ्यांना सांग. फिकट चट्टा दिसला, हातापायाला मुंग्या आल्या, चप्पल पायातून निसटली तरी कळलं नाही, तर देवऋष्याकडे जायचं नाही, लपवायचंही नाही. दवाखान्यात जायचं. आणि कुणी म्हणालं अंगात देवी आली, निखारा पोळत नाही, तर म्हणावं आधी फूल लावून बघा."

"सांगतलंय," शुक्री म्हणाली. "लोक आयकत नाय, मावशी."

"मग?"

"मंग काय. परत सांगीन."